भाऊंच्या हातची रेघ

१४ फेब्रुवारी १९७२, सोमवार

आजपासून रोज पानभर लिहायचं. विचार मांडायची हौस नाही, हाताला वळण राहावं म्हणून. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट दिवाळीपासून माझं ऐकत नाहीत. हात मोकळा असला की हरभऱ्याची सालं काढत बसल्यासारखी दोघं आपली आपण चोळत राहतात. पेन्सिल धरली की थोडा वेळ गुमान बसतात, पण लांब रेघ ओढताना मधेच हिसका देतात. मास्तर किंवा पोस्टमन असतो तर चालून गेलं असतं. मी पंपाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे.

आमचं ड्रॉइंग ऑफिस म्हणजे दोन माणसं. मी पेन्सिलीने ड्रॉइंग काढतो, मालक त्यावर सही करतात, मग मनकर्णा साळवे त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून शाईने गिरवते. तिच्या कागदावरून छाप निघतात आणि साचेवाल्याकडे, भट्टीवर जातात. आधी माझ्या जागी आसारामभाऊ कुलथे होते, मी त्यांच्या हाताखाली. गेल्या श्रावणात बोर्डावरच मान टाकली त्यांनी. हातात पेन्सिल तशीच होती.

भाऊ जातीचे सोनार. त्यांची रेघ बघत बसावी अशी. दोन रेघा मिळाल्या की कोपऱ्यावर त्या केसभर पुढे जाऊ द्यायचे. म्हणायचे, "कोपरा मिटला पाहिजे, सहादेव. भित्रा कोपरा काढू नको." मूलबाळ नव्हतं, मलाच मुलगा मानायचे. त्यांच्या खुर्चीत मालकांनी मला तात्पुरतं बसवलंय, येत्या दिवाळीला काम बघून कायम करू म्हणालेत. हाताचं कुणाला कळलं तर खुर्ची गेलीच म्हणायची. घरी बायकोला, गोजरलाही सांगितलेलं नाही.

२२ फेब्रुवारी

लिहू की नको असं झालंय. काल संध्याकाळी पाच अश्वशक्तीच्या पंपाचं ड्रॉइंग बोर्डावर तसंच टाकून घरी गेलो. फार वाईट झालं होतं. बाजूच्या रेघेला तीन ठिकाणी हिसके, वर्तुळ तर बघवत नव्हतं. आज सकाळी खोडून पुन्हा काढायचं ठरवून गेलो, तर कागद स्वच्छ. सगळ्या रेघा सरळ, वर्तुळ गोल. आकडे माझ्याच अक्षरात, आणि कोपऱ्यावर रेघा केसभर पुढे गेलेल्या.

मी अशा कोपऱ्याचा नाद कधीच सोडलाय, हात कापतो तेव्हा ते धाडस होत नाही. मनकर्णा तिच्या टेबलावर खाली मान घालून शाई भरत होती. तिला विचारणार तरी काय? शिपाई मच्छिंद्रला विचारलं, काल रात्री ऑफिसात कुणी आलं होतं का? तो म्हणाला, "रातच्याला कोन येतंय साहेब? कुलूप माझ्या हातानं लावलंया."

दुपारी मालकांनी सही करताना म्हटलं, "झरेकर, तुमच्यात आसारामभाऊ दिसायला लागले." बोर्डाशी परत येऊन मी आधी खुर्चीकडे बघितलं.

३ मार्च

पुन्हा तसंच. एकदा नव्हे, या आठवड्यात जेवढी ड्रॉइंग अर्धी टाकून आलो तेवढी सगळी. मी मुद्दाम एकावर खुणेसाठी बारीक टिंब ठेवलं होतं. टिंब जागेवर, रेघा बदललेल्या. बोर्डावर खोडरबराचा एक कण नाही. भाऊसुद्धा जाताना बोर्ड फडक्याने पुसून जायचे.

न राहवून रात्री जेवताना गोजरला बोललो. ती घोडेगावची, असल्या गोष्टींत तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. ताट बाजूला सारून म्हणाली, "भाऊ अडकल्यात तुमच्यात. पोटी प्वार न्हाई, जीव कुनाकडं जानार? नारळ द्या, मोकळं करा त्यांना."

"आणि मोकळे झाले तर?"

"तर काय? आपल्या वाटंनं जातील."

तिला कसं सांगू की ते जाऊ नयेत असंच मला वाटतंय? भीती वाटते, मान्य आहे. संध्याकाळी ऑफिसातून निघताना खुर्चीकडे पाठ करवत नाही. पण भाऊ आहेत म्हणून माझी अब्रू आहे. मग ती म्हणाली, "चहाची बशी लई वाजती तुमची आजकाल." थंडी आहे, म्हटलं. मार्चात कसली थंडी, असं ती म्हणाली नाही, हे तिचे उपकार.

२१ मार्च

मालकांचे पुतणे निरंजनसाहेब आजपासून कामावर. मुंबईला मोठ्या संस्थेत शिकून आलेत. वय माझ्या निम्मं, पण बोलणं मायेचं. मला आणि मनकर्णाला समोर बसवून कॉम्प्युटरबद्दल सांगत होते. म्हणे अमेरिकेत एका माणसाने आठ-दहा वर्षांमागेच काचेच्या पडद्यावर प्रकाशाच्या पेनने चित्र काढून दाखवलं. रेघ वाकडी आली तर मशीन स्वतः सरळ करतं. तिकडच्या मोटारीच्या आणि विमानाच्या कारखान्यांत आता तसं काम चालतं. आपल्याकडे पडदा नाही, पण मुंबईच्या संस्थेत कॉम्प्युटरला जोडलेलं एक रेघा ओढणारं यंत्र आहे. आपण आकडे द्यायचे, पंचकार्डावर भोकं पाडून ते आत जातात आणि बाहेर ड्रॉइंग येतं.

मनकर्णाने विचारलं, "मंग हात कुनाचा?"

"हात लागतच नाही, बाई. तीच तर गंमत आहे."

ती हसली नाही. मी मात्र घरी येईपर्यंत तेच घोळवत होतो. हात लागतच नाही. आकडे माझ्या डोक्यात आहेत आणि डोकं कापत नाही. हे काम मला जमलं तर हाताकडे कोण बघतंय? उद्या निरंजनसाहेबांना सांगणार की कॉम्प्युटरचं काम मी अंगावर घेतो.

१० एप्रिल

पंपाचं घर शंखासारखं फिरत मोठं होत जातं, त्याचा वक्र काढणं हे सगळ्यात अवघड काम. तेच पहिलं मुंबईला पाठवायचं ठरलं. पद्धत अशी: मी वक्र पेन्सिलीने काढायचा, मग मध्यबिंदूपासून ठरलेल्या कोनांवर वक्र किती लांब आहे ते मोजून आकडे लिहायचे. त्या आकड्यांवरून मशीन वक्र पुन्हा काढणार. साचा मशीनच्याच कागदावरून बनणार.

आज दिवसभर वक्र काढला आणि लगेच आकडे घेतले, कारण मुंबईला जाणारा कारखान्याचा ट्रक संध्याकाळी निघणार होता. मनकर्णा बोर्डाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "साहेब, जाऊ द्यायच्या आधी एकदा नजर टाकू का कागदावर? ट्रक उद्याबी जाईल."

तिची नजर कागदावर नव्हती, माझ्या हातावर होती. गेले काही दिवस बघतोय, मी पेन्सिल उचलली की ही मान वर करते. मी म्हटलं, "तुमचं काम शाईचं. तुम्ही शाई बघा." बरं, म्हणून गेली. जरा जास्तच बोललो. पण असं माणूस सतत हातावर टपून असलं की राग येतोच.

२५ एप्रिल

मुंबईहून ड्रॉइंग आलं. लांब गुंडाळी, दोन्ही कडांना भोकं. निरंजनसाहेबांनी टेबलावर पसरली आणि सगळे वाकलो. काळ्या शाईची रेघ, बारीक, एकसारखी. आणि वक्रावर टेंगळं. एक इथे, एक तिथे, पुढे आणखी दोन. माझा हिसका जिथे जिथे बसला होता तिथे तिथे यंत्राने तो इमानेइतबारे काढला होता. हात लागत नाही म्हणे!

निरंजनसाहेब म्हणाले, "आकडे घेताना चूक झाली असेल, झरेकर. पहिलीच वेळ आहे. पुन्हा करू." मालक नुसते बघत होते. आता समजतंय, त्या दिवशी आकडे घेण्याआधी कागद रात्रभर ऑफिसात राहिलाच नव्हता. भाऊंना हात फिरवायला वेळच मिळाला नाही. मनकर्णाने बोट वक्रावर ठेवलं होतं, टेंगळाच्या बरोबर वर. तिला कळलंय. ही एक दिवस मालकांपुढे तोंड उघडणार.

२८ एप्रिल

या वेळी घाई केली नाही. वक्र काढला, जसा आला तसा, आणि बोर्डावर ठेवून घरी आलो. निघताना कुणी नाही असं बघून खुर्चीला हात जोडले. पुटपुटलो, "भाऊ, एवढं सांभाळा."

सकाळी वक्र असा होता की त्यावरून बोट फिरवलं तर कुठे अडकणार नाही. आकडे घेताना डोळ्यांत पाणी येत होतं, तरी चुकलो नाही.

१८ मे

मुंबईला जाऊन आलो. निरंजनसाहेबांनी मुद्दाम नेलं. कॉम्प्युटरची खोली गार, चपला बाहेर. भिंतीएवढी कपाटं आणि सतत घुं घुं आवाज. रेघा ओढणारं यंत्र कोपऱ्यात होतं. एक रूळ, त्यावर कागद, वर आडव्या दांडीवर शाईचं पेन. माणसाने बटण दाबलं आणि पेन उचललं गेलं.

आपोआप. जरा थांबलं, जागा शोधल्यासारखं केलं, खाली टेकलं आणि चालायला लागलं. पेन डावीउजवीकडे, कागद पुढेमागे, आणि दोन्हींतून मिळून माझा वक्र उमटत गेला. कुणाचा हात नाही. मला वाटलं, रात्री आमच्या ऑफिसात अगदी असंच होत असणार. कुलूपबंद खोलीत पेन्सिल आपली उठत असणार, टेकत असणार. मी भिंतीचा आधार घेतला. निरंजनसाहेबांनी खुर्ची दिली, म्हणाले, "प्रवासाने दमलात." तिथल्या माणसाने मला भिंग दिलं. भिंगाखाली तिरकी रेघ सरळ नाही, बारीक बारीक पायऱ्या आहेत. यंत्रही कापतं, फक्त डोळ्याला दिसत नाही इतकं. हे बघून मला फार बरं वाटलं.

वक्रात एकही टेंगूळ नव्हतं.

२० जून

शंखाचा साचा झाला, ओतकाम झालं, पंप चाचणीला चढला. पाणी आधीपेक्षा जास्त उचलतो. पाऊस अजून नाही, विहिरी खाली गेल्यात, त्यामुळे पंपाला मागणी आहे. मालकांनी पेढे वाटले. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, दिवाळीला कायमचं पत्र देतो, समजा दिलंच. मग विचारलं, "आता अवघड ड्रॉइंग शाईसकट मुंबईहून येणार. बाकीचं तुम्ही. मग ट्रेसर बाई लागतील का? तुमच्यावर सोडतो."

मी लगेच उत्तर दिलं नाही, एवढं लिहून ठेवतो. मनकर्णाच्या पगारावर काष्टीला आई आणि दोन भाऊ आहेत हे मला माहीत आहे. आयटीआय करून आलेली ही मुलगी भाऊंनी स्वतः निवडली. माठातलं पाणी ती प्यायली म्हणून ऑफिसात कुजबुज झाली, तेव्हा भाऊ सगळ्यांदेखत तिच्या मागून त्याच भांड्याने पाणी प्यायले. मी तेव्हा गप्प बसलो होतो. हे सगळं आठवलं. आणि ती टपून बसलेली नजरही आठवली. ऑफिसात एकटा असलो तर हात कुणाला दिसणार नाही. बाकीचं भाऊ बघतील.

म्हटलं, "नाही लागणार."

३० जून

मनकर्णाचा शेवटचा दिवस. रडली नाही. टेबल पुसलं, बाबासाहेबांचा छोटा फोटो पिशवीत ठेवला. तिची शाईची पेनं भाऊंनी दिलेली होती, ती माझ्या बोर्डावर आणून ठेवली. म्हणाली, "आता तुमालाच लागतील." मी म्हटलं, "मालकांचा निर्णय आहे, बाई. माझ्या हातात काही नव्हतं." तिने ऐकून घेतलं.

दारापर्यंत जाऊन परत आली. हळू आवाजात म्हणाली, "साहेब, येक सांगू? लांब रेघ वढताना उजवं मनगट डाव्या हातानं धरा. भाऊबी शेवटी शेवटी तसंच धरायचे. बरं पडतं."

माझं टाळकंच सरकलं. "भाऊंचा हात कधी कापला नाही!" एवढा ओरडलो की मच्छिंद्र आत आला.

"न्हाई, न्हाई कापला," ती म्हणाली. "आपलं म्हनलं." आणि गेली. जाताना मेलेल्या माणसावर शिंतोडे उडवून गेली, याचंच वाईट वाटतं.

२४ जुलै

भाऊ आले नाहीत. कागद काल टाकून आलो होतो तसाच आज होता.

पूर्ण महिना असंच चाललंय. मी दोनतीन दिवस एकच कागद ठेवून बघतो. खुर्ची थोडी मागे ओढून ठेवतो, बसायला सोपं जावं म्हणून. पेन्सिलला टोक करून ठेवतो. काही नाही. सही करताना मालक आता बोलत नाहीत. रोज खोडून खोडून कागद पातळ होतो, परवा फाटलाच. शाई भरायची तर आणखी पंचाईत. मनगट धरून बघितलं. थोडं बरं पडतं, हे कबूल करायला लाज वाटते.

भाऊ, माझं काय चुकलं?

३ सप्टेंबर

गोजर म्हणते, तुम्ही झोपेत भाऊंना हाका मारता. पाऊस नाहीच. तिच्या माहेरी घोडेगावच्या बाजारात चांगले चांगले बैल कवडीमोलाने जाताहेत, असं तिचा भाऊ सांगत होता. सगळीकडे माणसं कशाची ना कशाची वाट बघताहेत. मीही बघतोय, फक्त माझी वाट कुणाला सांगण्यासारखी नाही.

७ ऑक्टोबर, सर्वपित्री

गोजरने काहीएक न ऐकता भाऊंच्या नावाने पान वाढलं. मी गच्चीवर नेऊन ठेवलं. मनातून वाटत होतं, कावळा शिवू नये. शिवला नाही तर त्याचा अर्थ भाऊंची काही इच्छा राहिली आहे, ते अजून इथेच आहेत. मी मागे सरायच्या आत कावळा आला आणि पानातला वडा घेऊन गेला. दुसरा आला. इतक्या पटकन मी कुणाच्या पानाला कावळा शिवलेला बघितला नाही.

गोजरने हात जोडले. "सुटलं बाई म्हातारं. त्यांचं काईसुदिक र्‍हायलं नव्हतं." मी जिन्यावर बसून पोरासारखा रडलो. तिला वाटलं, भाऊंसाठी रडतोय.

२० नोव्हेंबर

दिवाळी गेली. पत्र आलं नाही. आज निरंजनसाहेबांनी माझ्या टेबलावर दोन कागद शेजारी ठेवले, एक मे महिन्यातला, एक परवाचा. विचारलं, "झरेकर, हे दोन्ही तुमचेच?" आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. हो म्हटलं. ते म्हणाले, "डॉक्टरला दाखवा. आणि काय ते मला खरं सांगा, काकांना मी समजावतो."

ते गेल्यावर मच्छिंद्र चहा घेऊन आला. बशीत अर्धा सांडला तो पुसत म्हणाला, "बाई व्हत्या तवर बरं व्हतं, साहेब. माजीच तेवढी झोपमोड व्हायची."

"तुझी कसली झोपमोड?"

"सकाळी दिस उगवायला कुलूप काढून द्यावं लागायचं न्हवं. भिंगारवरनं मावशीकडनं चालत यायच्या. तुमच्या बोर्डावर बसून काम करायच्या, बोर्ड पुसायच्या, मंग आपल्या टेबलाव." माझ्या तोंडाकडे बघून तो थांबला. "तुमाला ठावं न्हवतं व्हय? तुमी रातचं कोन आलं म्हनून इचारलं व्हतं. सकाळचं न्हाई इचारलं."

मी विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, तुमच्या आधीपासून. भाऊंच्या शेवटच्या दोन सालांत तर रोजच. भाऊ तिला कुलूप काढून द्यायला स्वतः सांगून जायचे.

कपाट उघडून भाऊंची शेवटची ड्रॉइंग काढली. तीच डोळ्यांसमोर ठेवून मी शिकलो. भाऊंच्याच कोपऱ्यावर रेघ केसभर पुढे जाते, तिच्याही जाते, तिला त्यांनीच शिकवलं. कुठली रेघ कुणाची हे मला सांगता आलं नाही.

मी तिला काय समजत होतो आणि मालकांना काय सांगून बसलो, हे आता इथेच लिहितो, कारण दुसरीकडे कुठे बोलायची हिंमत नाही. तिला मी घालवली. जिच्यामुळे माझी खुर्ची टिकली होती तिला मी त्या खुर्चीसाठी घालवली.

२७ नोव्हेंबर

हिंमत केली. आधी डॉक्टरकडे जाऊन आलो, मग निरंजनसाहेबांना सगळं सांगितलं, हात टेबलावर ठेवून दाखवला. कॉम्प्युटरला दिलेला दुसरा वक्रही माझा नव्हता, हेही सांगितलं. संध्याकाळी मालकांचा निरोप आला: बाई परत येत असतील तर आणा, पण मग खुर्ची त्यांची. तुम्हाला स्टोअरमध्ये बघू. मी बरं म्हटलं. गोजरला घरी सांगितलं तर ती म्हणाली, "लई दिसांनी बशी वाजली न्हाई आज." वाजली होती. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

३ डिसेंबर, रविवार

सकाळच्या गाडीने काष्टीला गेलो. घरी तिची आई होती, म्हणाली मनी खडीवर गेलीय. गावाबाहेर दुष्काळी काम निघालंय. बाजारादिवशी सुटी असते, म्हणून आज काम चालू. बायका रांगेने उन्हात बसून दगड फोडत होत्या. मी तिला ओळखलं नाही, तिनेच हाक मारली.

जवळ जाऊन उकिडवा बसलो. वाटेत सगळं ठरवलं होतं काय बोलायचं ते. त्यातलं काही आठवलं नाही. म्हटलं, "मनकर्णा, मला माहीत नव्हतं."

"मला वाटायचं, तुमाला ठावं हाय," ती म्हणाली. "भाऊंना ठावं व्हतं. ते कधी बोलले न्हाईत, मीबी न्हाई. तुमीबी तसंच गप हाय असं समजले." मग म्हणाली, "तुमच्या हाताचं काय म्हनतो डाक्टर?"

सांगितलं, बरा होणारा नाही. आणि एका दमात बाकीचंही सांगितलं. तुला घालवा असं मालकांना मीच म्हणालो. आता खुर्ची तुझी आहे, पगार माझा होता तेवढाच, उद्यापासून चल.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता शिव्या देईल, त्या मी घेतल्या असत्या. तिने उजव्या हातावरचं फडकं सोडलं. अंगठ्याशेजारचं बोट काळंनिळं पडून वाकडं सांधलं होतं. पेन्सिल धरायची पकड करून दाखवली. बोट मिटेना, आणि मिटवायला गेली की सगळा हात थरथरायचा.

"भादव्यात हातुडी बसली," ती म्हणाली. "सरळ व्हत न्हाई आता."

माझे दोन्ही हात तिच्या हाताखाली धरले, आणि तिचा कुठला, माझा कुठला, कोण जास्त कापतंय ते कळत नव्हतं. शेजारच्या बाया दगड फोडायच्या थांबल्या. तिनेच सावकाश हात सोडवून घेतला आणि फडकं पुन्हा गुंडाळायला लागली. गाठ एका हाताने बसेना, ती मी मारली. माझ्याच्यानेही नीट बसली नाही.

"मंग साहेब," तिने विचारलं, "तुमच्या रेघा आता कोन काढतं?"

"कुणी नाही."

मुकादमाने लांबून हटकलं. तिने बरं म्हणून मान हलवली, पुढ्यातला दगड जवळ ओढला आणि हातोडी डाव्या हातात घेतली.